नळाचा दिवस, कचरागाडी आणि दारामागची खुंटी: घरातली धावपळ कमी करणाऱ्या सवयी

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्रनगरात सहा जणांचं घर आहे: सासू-सासरे, नवरा-बायको, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. नवरा-बायको दोघंही नोकरीवर. सकाळी साडेसहा ते साडेआठ नुसती पळापळ, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकते ती बाराला. साधं-सोपं जगण्याचे व्हिडिओ बघून ताईंनी एका सोमवारपासून पाचला उठणं, डायरी, योगासनं, मोबाइल बंद आणि कपाटं आवरणं असं सगळं एकदम सुरू केलं. नवव्या दिवशी सगळं बंद पडलं. आता कुठून सुरू करावं, हा प्रश्न आहे. जोडीला एक उपप्रश्न: सासरे हॉलमधलं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवतात, ते बरोबर की चूक? घड्याळाकडे शेवटी येतो.

ताई, निग्रहात तुम्ही कमी पडला नाहीत, तुमची बेरीज चुकली. आधीच भरलेल्या दिवसात तुम्ही आणखी पाच कामं घातलीत. साध्या जगण्यासाठी म्हणून जे काही सुचवलं जातं, त्यातलं निम्मं-अर्धं हे नवं कामच असतं. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी पुन्हा वाचा: स्कूटरची किल्ली, डब्याला काय, शाळेचा फॉर्म, मोटर बंद करायची राहिली, बिलाची तारीख गेली. या सगळ्यांचं मूळ दोनच ठिकाणी आहे. एकतर तोच प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागतो, नाहीतर वस्तूला ठरलेली जागा नाही. म्हणून आधी प्रश्न कमी करायचे. योगासनं कुठे जात नाहीत, ती नंतर करता येतील.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे पाच-सहा रकाने आखा: शोधाशोध, जेवणाचं काय, पाणी, कागद-पैसे, मोबाइल, कुणाची तरी वाट बघणं. घरातला कुणीही अडला की त्या रकान्यात एक रेघ मारायची. पेन तिथेच दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर पेन शोधण्याचीच एक रेघ वाढेल. सात दिवसांनी ज्या दोन रकान्यांत सर्वांत जास्त रेघा असतील, तेवढेच हाती घ्यायचे. बहुतेक घरांत शोधाशोध आणि जेवण हेच दोन निघतात. तुमच्याकडे कदाचित पाणी निघेल.

दोनच का? सवय अंगवळणी पडायला लोक समजतात त्यापेक्षा जास्त दिवस लागतात. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज ठरलेल्या प्रसंगी एक साधी गोष्ट करायची, एवढंच त्या लोकांना सांगितलं होतं. ती आपसूक होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे नवव्या दिवशी तुम्ही सोडून दिलंत, तेव्हा खरं तर खाडा एका दिवसाचाच होता.

आता सवय कशाला अडकवायची ते बघू. 'रोज सकाळी सात वाजता' असं ठरवलं की ते घड्याळाला अडकतं, आणि सातला कुणीतरी बाथरूममध्ये असतं, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते, फोन वाजत असतो. त्यापेक्षा जे आपोआप घडतं आणि ज्याचा आवाज येतो, त्याला सवय अडकवावी. या बाबतीत इंदूरकर नशीबवान आहेत. आपल्या दारात दोन गोष्टी न बोलावता येतात, कचऱ्याची गाडी आणि नळ.

कचरागाडी रोज येते आणि गाणं वाजवत येते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरातला घातक कचरा असे सहा प्रकार वेगळे द्यायची सवय शहराला लागलेलीच आहे. २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला, त्याचं बरंचसं श्रेय या रोजच्या कंटाळवाण्या शिस्तीला आहे. त्याच शिस्तीला आपलं एक काम जोडून द्यायचं. वाक्य असं करा: 'गाडीचं गाणं ऐकू आलं की सुक्या पिशवीत घरातली एक नको असलेली वस्तू जाईल.' एकच. कान तुटलेला कप, शाई संपलेली पेनं, कुरिअरचं खोकं, झाकण हरवलेला डबा. वापरण्याजोगे कपडे आणि पुस्तकं यात टाकायची नाहीत. त्यांच्यासाठी दाराजवळ वेगळी पिशवी ठेवा आणि ती भरली की कुणाला तरी देऊन टाका. रविवारी सगळी कपाटं उपसण्यापेक्षा हे बरं. उपसलेला ढीग संध्याकाळी अर्धवट आवरलेला राहतो, मग तो पलंगावरून खुर्चीवर जातो, आणि खुर्चीवरून परत कपाटात. दिवसाला एक या हिशोबाने वर्षात तीनशेच्या वर वस्तू निघतात आणि एकही रविवार खर्ची पडत नाही.

घर सासू-सासऱ्यांचंही आहे, तेव्हा एक नियम कडक ठेवा: दुसऱ्याची वस्तू आपण काढायची नाही. पंचवीस वर्षं जपलेली आइस्क्रीमची रिकामी डबडी असली तरी नाही. त्यावरून होणाऱ्या कुरबुरीपेक्षा डबडी कमी जागा खातात.

आता नळ. याला जरा वेळ द्यायला हवा, कारण तुमच्या प्रश्नात 'मोटर' हा शब्द चार वेळा आला आहे. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरवरून उपसून आणलं जातं. पहिला टप्पा १९७८ साली सुरू झाला, आणि आजही बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, तोही थोडाच वेळ. या व्यवस्थेचा खरा ताप असा की 'आज नळ आहे की उद्या?' हा प्रश्न घरात प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत असतो. तो कायमचा मिटवा. कॅलेंडरवर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच नळाच्या दिवसांभोवती निळ्या पेनाने गोल करून टाका. दिवस मध्येच बदलला तर त्याच दिवशी पुढचे सगळे गोल खोडून नवे करायचे, उद्यावर ढकलायचे नाहीत.

मग साठ्याचा हिशोब. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी मानक आहे. सहा जणांचे रोजचे ८१०, दोन दिवसांचे १६२०. घरी हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून दोन हजार लिटरची सोय असेल तर एक दिवसाआडच्या पाण्यात भागतं, आणि नळ एक दिवस उशिरा आला तर काटकसरीने तोही दिवस निघतो. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं माणशी रोज पाच लिटर धरा, म्हणजे दोन दिवसांचे साठ लिटर. एवढी पिंपं-हंडे भरले की थांबायचं. कळशा, बादल्या, पातेली, प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवायची सवय जुन्या टंचाईच्या दिवसांतली आहे. दर दोन दिवसांनी ती भांडी भरणं, ओतणं आणि घासणं यातच अर्धा-पाऊण तास जातो.

मोटरचं काम एकदाच नीट करून टाका. टाकी अर्धी रिकामी असताना मोटर सुरू करा आणि पूर्ण भरायला किती मिनिटं लागली ते मोजा. समजा ३५ मिनिटं लागली, तर हा आकडा मोटरच्या बटणाशेजारी भिंतीवर मार्करने लिहा: 'अर्धी टाकी = ३५'. त्यानंतर मोटर सुरू करणाऱ्यानेच स्वयंपाकघरातला टायमर तेवढ्या मिनिटांचा लावायचा. टायमर मोबाइलवर नको. मोबाइल वाजेल तेव्हा तो माणूस कुणाशी तरी बोलत असेल, किंवा आपल्याबरोबर मोबाइल घेऊन बाहेर गेलेला असेल. दीडशे-दोनशे रुपयांचा किल्लीचा टायमर ओट्यावर राहतो आणि वाजला की घरभर ऐकू येतो. नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून टाकीत फ्लोट स्विच बसवून घ्या, तो मोटर आपोआप बंद करतो. पण त्यावर क्षार चढून तो अडकू शकतो, म्हणून टाकी धुताना तो हाताने वर-खाली करून बघावा. हौदातलं पाणी संपल्यावरही मोटर कोरडी फिरत राहिली, तर आतलं सील पाण्याविना तापून खराब होतं, मग मोटर हवा ओढते आणि 'पाणी चढत नाही' अशी तक्रार सुरू होते. म्हणजे विसरण्याचे धोके दोन: टाकी वाहणं आणि हौद आटणं. दुसरा महाग पडतो.

नळ सुरू झाला की पहिली दोन-तीन मिनिटं पाणी फरशी पुसायच्या बादलीत घ्या. दोन दिवस रिकाम्या राहिलेल्या नळीतला गाळ पहिल्या धारेबरोबर येतो. रंग किंवा वास वेगळा वाटला तर ते पाणी पिण्यासाठी भरूच नका. आणि शंका असेल तेव्हा पाण्याला खदखदून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट उकळवा.

नळाच्या दिवसाला दुसरं कुठलंही मोठं काम जोडू नका, उलट एक काढून घ्या. त्या सकाळी डब्याला पोळी-भाजीऐवजी पराठा किंवा पोहे असं ठरवूनच टाका. दोन धावपळी एका सकाळी नकोत.

शोधाशोधीवर उपाय दारामागे आहे. आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, पाच खुंट्यांची पट्टी ठोका: स्कूटर, कार, घराची किल्ली, गच्ची, आणि पाचवी रिकामी. ती शेजारच्यांनी ठेवायला दिलेल्या किल्लीसाठी. खाली एक ट्रे, जेमतेम वहीच्या आकाराचा. ट्रे लहान ठेवण्यातच सगळी मेख आहे. मोठं टेबल किंवा टोपली ठेवली की आठ दिवसांत त्यात चार्जर, टॉर्च, देवळातला प्रसाद, बाम आणि स्क्रू ड्रायव्हर जमा होतात, मग किल्ली त्यांच्याखाली सापडते. ट्रेमध्ये फक्त उद्या बाहेर जाणाऱ्या वस्तू ठेवायच्या. ट्रेशेजारी एक क्लिप आणि दोऱ्याला बांधलेलं पेन. शाळेचा कागद दप्तरातून निघाला की थेट क्लिपला लावायचा, आणि जो आई-बाबा आधी दिसेल त्याने उभ्याउभ्या वाचून सही करायची. बसून निवांत वाचू म्हणून बाजूला ठेवलेला कागद हमखास हरवतो.

किल्ली खुंटीवर लागायची सवय पहिले पंधरा दिवस मोडत राहील. ओरडण्याऐवजी, किल्ली जिथे सापडेल तिथून उचलून खुंटीवर लावायची आणि मालकाला तसं सांगायचं, बस. स्कूटरची दुसरी किल्ली मात्र खुंटीवर नको, कपाटात ठेवा. दोन्ही एकाच जागी असल्या की एक दिवस दोन्ही एकदम हरवतात.

जेवणाचा प्रश्न रोज तीनदा विचारला जातो, म्हणून त्याचं ओझं सर्वांत जास्त. आठवड्याचा साचा करा, पण पदार्थांचा करू नका, प्रकारांचा करा. सोमवारी मोडाची कडधान्यं, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी फळभाजी, गुरुवारी पिठलं किंवा झुणका, शुक्रवारी बटाटा किंवा फ्लॉवर, शनिवारी खिचडी-कढी, आणि रविवारी मनाला येईल ते. पदार्थच ठरवून टाकला तर मंडईत ती भाजी मिळाली नाही की साचा मोडतो. प्रकार ठरवला की पालकऐवजी मेथी चालते, आणि पावसाळ्यात मक्याची कणसं आली की भुट्ट्याचा कीसही बुधवारात बसतो.

हा साचा कुणी करायचा? आईंनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी. स्वयंपाकघरावर त्यांचा हक्क आहे, आणि सुनेने छापून लावलेला तक्ता दुसऱ्या आठवड्यात निघतोच. त्यांना सातच शब्द विचारून घ्या, त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. त्यानंतर 'आज काय करू?' हा प्रश्न दोघींनी एकमेकींना विचारायचाच नाही.

मोडांचं गणित हवामानावर आहे. सोमवारी सकाळी मोड हवे असतील तर शनिवारी रात्री मूग किंवा मटकी भिजत घाला. आठ ते दहा तासांनी, रविवारी सकाळी, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. मे महिन्यात बारा-चौदा तासांत मोड येतात, म्हणून रविवारी रात्री ते फ्रिजमध्ये टाकावे लागतात, नाहीतर वास येतो. जानेवारीतल्या माळव्याच्या थंडीत चोवीस तासही पुरत नाहीत, तेव्हा शुक्रवारी रात्रीच भिजवा आणि फडकं डब्यात घालून ओट्याच्या उबेला ठेवा.

यातूनच रात्रीच्या आवराआवरीवर येऊ. सकाळ सुधारायची असेल तर ती आदल्या रात्री सुधारते. जेवणं झाली की वीस मिनिटं, बारा उद्यासाठी आणि आठ आजसाठी. क्रम हाच ठेवा. बहुतेक घरांत आधी ओटा आणि सिंक चकचकीत होतं, तोवर माणूस थकतो आणि 'उद्याचं उद्या बघू' होतं. ओटा थोडा चिकट राहिला तरी सकाळी काही अडत नाही. कांदा चिरलेला नसला तर अडतं.

बारा मिनिटांत काय करायचं ते सांगतो. कणीक भिजवून वरून तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, आणि सकाळी पोळ्या करायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. चोवीस तासांच्या आत संपवा. वरचा थर काळसर झाला तर घाबरू नका, हवा लागली एवढंच. आंबूस वास आला तर मात्र टाकून द्या. फरसबी, फ्लॉवर, गाजर, कोबी चिरून ठेवता येतात. बटाटा आणि वांगी काळी पडतात, ती सकाळीच चिरायची. पालेभाजी निवडायची, पण धुवायची नाही, सुती फडक्यात गुंडाळून ठेवायची. ओली ठेवली की सकाळपर्यंत लिबलिबीत होते.

पोह्यांची सकाळ असेल तर पोहे रात्री भिजवू नका, लगदा होतो. सहा जणांना जाड पोहे पाव किलोपासून तीनशे ग्रॅमपर्यंत लागतात, ते कोरडेच चाळून पातेल्यात काढून ठेवा. शेजारी वाटीत मीठ, साखर, हळद एकत्र, दुसऱ्या वाटीत कांदा आणि मिरची. सकाळी पोहे चाळणीत घालून पाण्याखाली धरायचे, दहा मिनिटं निथळत ठेवायचे, तेवढ्यात फोडणी. इंदुरी पद्धतीने करायचे असतील तर काम आणखी कमी. हळद-मीठ लावलेले पोहे चाळणीत घालून उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून वाफवत ठेवा. जो टेबलावर येईल त्याला गरम वाढायचे, वर कच्चा कांदा, शेव आणि जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. उशिरा उठणाऱ्यासाठी पुन्हा गरम करणं नाही.

उरलेल्या आठ मिनिटांत भांडी खरकटं काढून विसळून ठेवा, म्हणजे सकाळच्या बाईंचाही वेळ वाचतो. डबे आणि त्यांची झाकणं जोड्या लावून एका जागी ठेवा. गॅसचा कॉक बंद करा.

मुलांची कामं वयाप्रमाणे पूर्ण त्यांचीच करा. आठ वर्षांचा मुलगा पाण्याच्या बाटल्या भरून ट्रेशेजारी ठेवू शकतो आणि बूट-मोजे जोडीने लावू शकतो. तेरा वर्षांची मुलगी स्वतःचं दप्तर, युनिफॉर्म आणि प्रोजेक्टचं सामान बघू शकते. एकदा विसरली आणि शाळेत बोलणी खाल्ली तर खाऊ द्या, वस्तू पोचवायला धावू नका.

नवऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, 'सांगितलं की मदत करतात.' गडबड इथेच आहे. मदत मागायची म्हटलं की लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं, आणि थकवा लक्षात ठेवण्याचाच जास्त असतो. काम द्यायचं तर सबंध द्या. पाणी त्यांच्याकडे म्हणजे कॅलेंडरवरचे गोल, टायमर, टाकी धुणं, प्लंबरला फोन, सगळं त्यांच्याकडे. मग एखाद्या दिवशी टाकी वाहिली तर तुम्ही धावत जाऊन बटण दाबायचं नाही, हाक मारायची. पहिल्या महिन्यात हे जड जातं, दोघांनाही.

कागद आणि पैसे थोडक्यात. एकच फाइल ठेवा, तीत विजेचं बिल, मालमत्ता कर, विमा, शाळा आणि औषधांची प्रिस्क्रिप्शनं असे पाच कप्पे. सासऱ्यांना वेळ असेल तर हे खातं त्यांना द्या, त्यांची पिढी कागदाच्या बाबतीत आपल्यापेक्षा शिस्तीची आहे. महिन्यात एकदा, पगारानंतरच्या पहिल्या शनिवारी, पंधरा मिनिटं पुरतात. ठरलेल्या रकमेच्या देण्यांना यूपीआयवर ऑटोपे लावा. १५,००० रुपयांपर्यंतच्या बहुतेक हप्त्यांना दर वेळी पिन लागत नाही, आणि पैसे कापले जाण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते, ती वाचा. विजेचं बिल बदलतं असतं, तेव्हा ऑटोपेची कमाल मर्यादा उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या बिलापेक्षा थोडीच जास्त ठेवा. रीडिंग चुकून भलतंच बिल आलं तर ते परस्पर कापलं जाणार नाही.

वर्षाचं म्हणाल तर गहू. एप्रिल-मेमध्ये नवा गहू आला की शरबती किंवा लोकवन वर्षभराचा भरून ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत अजूनही शहाणपणाची आहे. दाणा दाताखाली कट् असा तुटेपर्यंत ऊन द्यायचं, कोठी कोरडी हवी, आणि मधून मधून कडुनिंबाचा वाळलेला पाला. दमट गहू भरला तर पावसाळ्यात टोके होतात, हे आईंना माहीत असणारच.

मोबाइल बंद ठेवण्याचा प्रयोग फसला, कारण शाळा आणि ऑफिस दोन्ही त्यातूनच चालतात. बंद करायच्या त्या सूचना. खरेदी, बातम्या, खेळ यांच्या सगळ्या सूचना बंद. नातेवाइकांचे आणि मंडळांचे ग्रुप म्यूट करून टाका, त्यांना कळतसुद्धा नाही. शाळेचा ग्रुप वर पिन करा आणि दिवसातून दोनदाच उघडा, ऑफिसातून निघताना आणि रात्रीच्या आवराआवरीआधी. रात्री दहा ते सहा 'डू नॉट डिस्टर्ब' लावा आणि त्यात घरच्यांचे चार-पाच नंबर अपवाद म्हणून घाला. तोच माणूस पुन्हा फोन करतो तेव्हा तो वाजू द्यायची सोयही तिथेच असते, ती चालू ठेवा. गावाकडून रात्रीबेरात्री फोन येईल या धास्तीने मोबाइल उशाशी ठेवायची मग गरज राहत नाही. चार्जर हॉलमध्ये न्या.

झोपेपूर्वी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिहा. २०१८ साली मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ तरुणांवर हे तपासलं होतं. ज्यांनी झोपण्यापूर्वी पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, त्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी झोप लवकर. 'मुलीचं बघायचं' असं लिहू नका, 'मुलीच्या विज्ञानाच्या सरांना गुरुवारच्या वेळेचं विचारायचं' असं लिहा. डायरी नको, उलटी पाठ असलेला कुठलाही कागद चालतो.

चहाचं एक सांगायला हवं. शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. सातच्या चहातलं निम्मं तुम्ही बाराला झोपायला जाता तेव्हा अंगात शिल्लक असतं. शेवटचा चहा ऑफिसातच, चारच्या सुमारास घ्या, घरी आल्यावर ताक किंवा लिंबाचं सरबत. आणि सराफा बाजार. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याची दुकानं लागतात, म्हणजे जायचं तर उशिराच जावं लागतं. त्याला ना नाही, इंदुरात राहून सराफ्याला नाही म्हणायचं हे काही साधं जगणं नव्हे. पण ते महिन्यातल्या एका ठरलेल्या शनिवारी. 'चला, जाऊन येऊ' असं बुधवारी रात्री साडेदहाला निघालेलं टोळकं गुरुवारची आख्खी सकाळ खाऊन टाकतं.

तिसऱ्या आठवड्यात हे सगळं एकदा कोसळेल. पाहुणे येतील, गणपती असतील, मुलीची परीक्षा असेल. त्या दिवसांसाठी प्रत्येक सवयीचं चिमुकलं रूप आधीच ठरवून ठेवा: वीस मिनिटांच्या आवराआवरीऐवजी फक्त कणीक आणि बाटल्या, ट्रेऐवजी फक्त खुंटी, सातच्या सात दिवसांचा साचा न पाळता फक्त शनिवारची खिचडी. पाहुणे गेले की जिथून सोडलं तिथून पुढे.

एक वेगळी बाब. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, रात्री तीनला जाग येऊन परत झोप लागत नसेल, छोट्या गोष्टींवर रडू येत असेल, तर तो खुंटी-ट्रेचा विषय नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आता घड्याळ. दहा मिनिटं पुढचं घड्याळ काही दिवसच उपयोगी पडतं. मग घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात दहा वजा करायला शिकतो, आणि काही जण घाईत पंधरा वजा करतात. वेळ बघण्याआधी वजाबाकी करावी लागली, म्हणजे रोजचा आणखी एक प्रश्न वाढला. पण सासऱ्यांचा हेतू चांगला आहे, तेव्हा ते काढून घेऊ नका, बदलून घ्या. घड्याळ बरोबर लावायचं आणि त्याच्याखाली त्यांच्याच हाताने तीन ओळींची चिठ्ठी चिकटवायची: मुलं दाराबाहेर ७:२०, तुम्ही ८:२५, नवरा ८:४०. बस किंवा ऑफिसची वेळ तिथे लिहू नका, उंबरठा ओलांडायची वेळ लिहा. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला, कॅलेंडरवर निळे गोल करायच्या वेळीच, घड्याळ मोबाइलशी पडताळून बघायचं कामही सासऱ्यांकडेच ठेवा.